स्कोअर ५.८, पण सूज एकाच सांध्याला

प्रश्न : माझं वय ४६. तासगावजवळ प्राथमिक शाळेत शिकवते. सहा वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे, दर रविवारी मेथोट्रेक्सेट घेते. मधली वर्षं बरी गेली. दिवाळीपासून मात्र मान, खांदे, पाठ, मांड्या, सगळंच ठणकतं. रात्रभर झोपूनही सकाळी अंग मोडून आल्यासारखं वाटतं, फळ्यावर लिहिताना शब्द आठवत नाही. आमच्या डॉक्टरांनी स्कोअर ५.८ काढला आणि बायोलॉजिकचं, म्हणजे सांध्यांतला दाह दाबणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन सुचवलं. दुसरे डॉक्टर म्हणाले, हा फायब्रोमायल्जिया, इंजेक्शनची गरज नाही. मिस्टर म्हणतात, रिपोर्ट एवढा वाईट नाही तर दुखतं कसं? खरं कोणाचं? आणि संधिवात नसेलच तर मेथोट्रेक्सेट बंद करू का?
– एक वाचक

उत्तर : ताई, दोन्ही डॉक्टरांच्या कागदांची झेरॉक्स पाठवलीत ते फार बरं केलंत. नुसत्या ५.८ वरून मला काहीच सांगता आलं नसतं. कागदावर आहे ते असं : दुखरे सांधे १६, सुजलेला १, ईएसआर (रक्तातून दाहाचा अंदाज देणारी तपासणी) २२, आणि ‘एकूण कसं वाटतंय’ या शंभराच्या पट्टीवर तुमची खूण ८० वर.

तुमचा स्कोअर म्हणजे डीएएस २८. ठरावीक २८ सांधे तपासून संधिवाताचा जोर मोजायचा हा आकडा, आणि तो या चारच गोष्टींतून निघतो. मी हिशेब पुन्हा मांडला, ५.८ बरोबर आहे. ५.१ च्या वर गेलं की आजार जोरात आहे असं धरतात. पण त्याची फोड बघा. दुखऱ्या सांध्यांचे २.२४, तुमच्या खुणेचे १.१२. म्हणजे निम्म्याहून जास्त स्कोअर नुसत्या दुखण्याचा. सुजेचे किती? ०.२८. उरलेले ईएसआरचे, आणि तुमचं हिमोग्लोबिन ९.८ आहे, अंगात रक्त कमी असलं तरी ईएसआर चढतो. सूत्र दुखणं मोजतं, ते कशामुळे आहे हे विचारत नाही.

फायब्रोमायल्जियात सांध्याला सूज येत नाही. वेदना पोचवणारी मज्जासंस्थाच हळवी होते आणि साध्या दाबालाही कळ येते. ऱ्हुमॅटॉइडच्या साधारण पाचातल्या एका रुग्णाला हाही त्रास असतो. फायब्रोमायल्जियाच्या निदानाच्या २०१६ च्या निकषांत तर स्पष्टच आहे की दुसरा आजार असला म्हणून फायब्रोमायल्जियाचं निदान बाद होत नाही. तेव्हा ‘हे की ते’ असा वाद घालण्यात अर्थ नाही. तुमच्या दुखण्यात कोणाचा वाटा किती, एवढंच ठरवायचंय.

दुखरे सांधे आणि सुजलेले सांधे यांत सात किंवा जास्त फरक पडला की माझे कान टवकारतात. तुमचा फरक पंधरा आहे. अशा वेळी मी सांध्यांइतकंच सांधे सोडून दाबून बघतो : मानेखालचा स्नायू, कोपराखालचा हात, मांडीची बाहेरची बाजू. तिथेही तेवढीच कळ आली तर सोळाच्या आकड्यावर माझा फारसा भरवसा राहत नाही. मग बोटांच्या मुळाशी दोन्ही अंगठ्यांनी हळूहळू चाचपतो. खरी सूज बोटाला पिकल्या द्राक्षासारखी मऊ लागते, तासगावच्या माणसाला ते वेगळं सांगायला नको. पावलंही बघून घ्या. या २८ सांध्यांत पावलं आणि घोटे धरलेलेच नाहीत, आणि ऱ्हुमॅटॉइड तिथे खुशाल लपून बसतो.

माझ्या मते इंजेक्शनचा निर्णय आठ-पंधरा दिवस थांबवा आणि हातापायांच्या सांध्यांची पॉवर डॉपलर सोनोग्राफी करून घ्या. सांध्याच्या अस्तरात रक्तप्रवाह वाढलाय का, ते त्यात दिसतं. मात्र तपासणीच्या तोंडावर स्टेरॉइड घेऊ नका, त्याने चित्र दबतं.

डॉपलरमध्ये दाह ठळक दिसला तर तुमच्या पहिल्या डॉक्टरांचं ऐका. ‘फायब्रोमायल्जिया आहे’ म्हणून खऱ्या दाहाकडे काणाडोळा झाला तर हाड झिजतं, आणि ते भरून येत नाही. दाह नसेल तर बायोलॉजिकने हे दुखणं जाणार नाही. खर्च होईल आणि टीबीसारख्या संसर्गाचा धोका वाढेल, एवढंच. मग पुढच्या वेळी स्कोअर तसाच निघतो आणि औषध लागू पडलं नाही म्हणून दुसरं सुरू होतं. अशी दोन-तीन औषधं बदलून आलेली माणसं मी बघतो.

फायब्रोमायल्जियावर सगळ्यात भक्कम पुरावा व्यायामाचा आहे. रोज दहा मिनिटं सपाट रस्त्यावर चाला आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. पहिले काही दिवस जास्त दुखेल, तरी सोडू नका. झोपेसाठी आणि वेदनेसाठी अॅमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, प्रेगाबालिन अशी औषधं आहेत. तुम्हाला कोणतं चालेल ते डॉक्टर ठरवतील. थायरॉइड बघून घ्या आणि हिमोग्लोबिन का उतरलंय ते शोधा, थकव्याचा काही भाग तिथलाही असेल.

मिस्टरांना हे उत्तर वाचायला द्या. वेदना रक्ताच्या रिपोर्टात उमटलीच पाहिजे असा नियम नाही. हे नाटक नाही, आळसही नाही.

आणि मेथोट्रेक्सेट स्वतःच्या मनाने बंद करू नका. सूज एकाच सांध्यापुरती राहिली आहे, ही कदाचित त्याच गोळीची कृपा. रविवारची गोळी रविवारीच, रोज नाही. फॉलिक अॅसिड डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी. आणि रक्ताची, लिव्हरची तपासणी वेळच्या वेळी.