पहिली इलेक्ट्रिक गिटार घेताना

भाऊ, रंग नंतर बघ, आधी नेक, म्हणजे गिटारची लांब मान, हातात धर. आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, हवा एकदम कोरडी होते. लाकूड आकसतं आणि फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं बाहेर येऊन बोटांना टोचतात. म्हणून नेकच्या दोन्ही कडांवरून अंगठा फिरवून बघ. मग पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकच तार दाबून मधल्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांतली फट तपास. ती अगदी बारीक हवी. जास्त असेल तर दुकानदाराला ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली तिचा बाक कमी-जास्त करणारी सळई, फिरवायला लाव. रॉड फिरतच नसेल तर ती गिटार कितीही स्वस्त मिळो, सोडून दे.

पिकअप म्हणजे तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग. त्यात सिंगल कॉइलचा, म्हणजे एका वेटोळ्याचा, आवाज मोकळा, पण विजेची घरघर तो उचलतो. दोन वेटोळ्यांच्या हंबकरमध्ये ती दबते. ब्रिजजवळ, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा टेकतात तिथे, हंबकर आणि बाकी दोन सिंगल कॉइल, ही जोडणी शिकणाऱ्यासाठी मला सगळ्यात चांगली वाटते. तरंगता, म्हणजे स्प्रिंगांवर हलणारा, ब्रिज मात्र आत्ता नकोच. एक तार तुटली की सगळ्यांचा सूर बिघडतो.

तारांचा ०९चा सेट लाव, म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.००९ इंच जाडीची. छोट्या अँपसाठी, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीसाठी, पैसे वेगळे काढ. ऑनलाइन मागवणार असशील तर परत करायची मुदत आधी वाच.