मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, जेमतेम वीस शब्द बोलतो. फ्लॅशकार्डांनी शब्द वाढतात का? दिवसाला किती कार्डं घ्यावीत?

कार्डांचं मला विचारूच नका. आमच्याकडे दीडशे होती. नवरा ऑफिसातून आला की लेकाला समोर बसवायचा, "हे काय? हे काय?" चार वर्षांचं पोर "झेब्रा" म्हणायचं, पण तहान लागली की माझा हात ओढत माठापाशी न्यायचं. "दे" येत नव्हतं. चिंचवडमध्ये झेब्रा घेऊन काय करायचंय?

मटारचे दिवस होते. पेपर पसरून सोलायला बसले, तर लेक बाजूला येऊन टेकला. थेरपिस्टनं बजावलं होतं: त्याचं लक्ष जिथं, तिथलाच शब्द द्या, प्रश्न विचारू नका, मग गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड! प्रत्येक शेंगेला मी "सोल... सोलली" म्हणत होते. मग एक बंद शेंग त्याच्या हातात दिली आणि थांबले. मनात दहापर्यंत मोजलं. त्यानं ती माझ्या नाकापाशी आणली. "छोल." मी "नीट म्हण, सोल" असलं काही केलं नाही. "हो, सोलूया, शेंग सोलूया" म्हणत सोलून दिली. दाणे त्यानं खाल्ले. महिनाभर हेच, घरातले उसळीला विटले. पुढं लसूण सोल, केळं सोल. एकदा भिंतीचा पोपडा नखानं काढून दाखवायला आला, "भिंत छोल." घरमालकानं डिपॉझिटमधून पैसे कापले. कापू देत.

नवरा म्हणायचा, ही थेरपी की स्वयंपाक? थेरपिस्टनंच ऐकवलं त्याला: अमेरिकेत हार्ट आणि रिस्ली यांनी १९७५ मध्येच बालवाडीत हे करून दाखवलंय. मूल खेळणं मागायला आलं की तिथंच त्याच्याकडून शब्द काढायचा.

नुसत्या नामांनी वाक्य होत नाही. ओत, उघड, पूस, ढवळ अशी क्रियापदं द्या. एकच शब्द दिवसात वीसदा, पण वेगवेगळ्या जागी.

हो, आधी कान तपासून घ्या, आमची बेरा टेस्ट झाली होती. आणि हे सगळं स्पीच थेरपिस्टला धरूनच करा. मुंबईत असाल तर वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग संस्था आहे. "घरी फक्त इंग्रजी बोला" म्हणणाऱ्यांना वाटेला लावा, दोन भाषांमुळं भाषेचा विकार होत नाही. काही मुलांना चित्रांचा उपयोग होतो, हेही खरं. आमची कार्डं माळ्यावर आहेत. नवरा अजून म्हणतो, पोरगा त्यांच्यामुळंच बोलला.