डिस्क ब्रेकचं किट मागवण्याआधी

जुन्या गाडीचे ड्रम ब्रेक काढून डिस्क बसवायची घाई करू नका. आधी मूळ ब्रेक नीट करून बघा: ब्रेक ऑइलचे रबरी होज (नळ्या) बदला, व्हील सिलिंडर (चाकातले, शू ढकलणारे) गळतात का पाहा, शू (ड्रमला आतून घासणारे) ॲडजस्ट करा. जुने होज आतून फुगतात, ब्रेक एका बाजूला ओढतात आणि दोष ड्रमला लागतो.

एवढं करूनही लांब उतारावर ब्रेक तापून कमी लागत असतील, तर पुढे डिस्क जरूर बसवा. पण जुनाच मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा) ठेवू नका. ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये बऱ्याचदा साधारण १० पीएसआय दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. डिस्कच्या लाइनवर तो राहिला तर पॅड सतत घासतात. मी हे भोगलंय, रिमला हात लावला तर चटका बसला होता. एकेरी सर्किट (सगळ्या चाकांना मिळून एकच लाइन) असेल तर आता दुहेरी घ्याच, एक लाइन फुटली तरी दुसरी गाडी थांबवते. मागे ड्रमच राहणार असतील तर प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवणारा) लावा, नाहीतर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते.

ब्रेक ऑइल डॉट ४ चालेल. त्यात सिलिकॉनचं डॉट ५ मिसळू नका. आणि हो, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तुमच्या रिममध्ये मावतो का, ते आधी मोजा.