हॉटेलांचे रिव्ह्यू लिहायला लागतोयस तर

अरे सगळ्यात आधी एक कर, बिल स्वतः भर. मालक म्हणेल राहू दे हो, तुम्ही आपलेच, तरी भर, कारण फुकट खाल्लं की हात आखडतो, मीठ जास्त होतं हे लिहायचं म्हटलं तरी त्या माणसाचा चेहरा समोर येतो, माझं झालंय असं. नंतर एक बाई भेटल्या, म्हणाल्या तुमचं वाचून घरच्यांना घेऊन गेलो आणि सगळं ताटात तसंच राहिलं. अजून लागतं मनाला ते.

आणि एकदाच जाऊन लिहू नकोस. एकदा गर्दीत जा, एकदा निवांत वेळी, न सांगता. पहिले दोन-तीन घास नीट खा, पोट भरत आलं की चव कळेनाशी होते. थोडं गार झाल्यावर परत चाख, गरम असताना न दिसलेलं तेल तेव्हा कडेला साचलेलं दिसतं. तिथेच मोबाईलवर टिपून ठेव.

वाईट लिहायचं तर नेमकं लिही. "बकवास" नको, काय कच्चं होतं, किती वेळ थांबलास ते सांग, म्हणजे त्यांनाही सुधारता येतं. छोटं दुकान असेल तर आधी त्यांना तोंडावर सांग, पण मग लिहायचं टाळू नकोस.