पाण्याकाठी बसल्यानं मन खरंच शांत होतं का?

तुम्ही विचारलंय की पाण्याजवळ बसून ताण कमी होतो हे खरं की नुसतं म्हणायचं, आणि जवळ समुद्र नसेल त्यानं काय करायचं. मी कोल्हापूरचा. समुद्र बघायचा तर आम्हालाही घाट उतरावा लागतो. त्यामुळे निदान दुसऱ्या प्रश्नाबद्दल मला बोलता येईल.

खरं तर मला पाण्याची धास्तीच बसली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेली. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे आकडे आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ असतात. घरात छातीएवढं पाणी होतं. ते ओसरलं, गाळ काढला, भिंतींना रंग दिला, सगळं जागच्या जागी लागलं आणि मग माझी झोप उडाली. रात्री दोन-अडीचला जाग यायची. उठलो की आधी पाय खाली टेकवून फरशी कोरडी आहे ना ते बघायचो.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि संध्याकाळी फिरत जा म्हणाले. नदीकडं जायची छाती होत नव्हती, म्हणून रंकाळ्यावर, म्हणजे आमच्या कोल्हापुरातल्या तलावावर, जायला लागलो. पहिले आठ-दहा दिवस पाय दुखण्यापलीकडं काही झालं नाही. मग एकदा दमून कट्ट्यावर बसलो. समोर शालिनी पॅलेसच्या मागं सूर्य चाललेला, पाण्यावर उजेडाचे तुकडे हलताहेत, काठाला एक बगळा केव्हाचा एका पायावर उभा. भेळवाल्यानं हाक मारली तेव्हा लक्षात आलं, अर्धा तास झाला आणि पंचनाम्याचे कागद एकदाही डोक्यात आले नाहीत. त्या दिवसांत ही माझ्यासाठी फार मोठी गोष्ट होती.

असं का होतं, याचा एक खुलासा मला पटतो. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले रेचेल आणि स्टीफन कॅपलान हे मानसशास्त्रज्ञ सांगत की लक्ष दोन तऱ्हेचं असतं. हिशेब तपासताना, गर्दीत गाडी चालवताना आपण ते ओढून लावतो, आणि ते थकतं. पाणी, ढग, वाऱ्यानं हलणारी पानं यांच्याकडं मात्र ते आपसूक लागतं. तेही हलकंच, त्यामुळं ओढून लावायच्या लक्षाला तेवढी विश्रांती मिळते. पाणी सारखं हलतं, पण तुमच्याकडं काही मागत नाही. फोनही लक्ष ओढतो, पण तो सोडत नाही. म्हणून फोन खिशात ठेवा. रंकाळ्यावर पाण्याकडं पाठ करून सेल्फी काढणाऱ्यांना किती फायदा होत असेल, देव जाणे.

अभ्यासही झालेत. बार्सिलोनात ५९ लोकांना वेगवेगळ्या आठवड्यांत रोज २० मिनिटं समुद्रकाठानं चालायला लावलं, शहरातल्या रस्त्यानं चालायला लावलं, आणि एका आठवड्यात तेवढाच वेळ नुसतं आत बसवलं. समुद्रकाठच्या चालण्यानं मनःस्थिती लक्षणीय सुधारली. रक्तदाब-हृदयाच्या बाबतीत मात्र तसा फायदा दिसला नाही. २०२० मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मला तो प्रामाणिक वाटतो, कारण पाण्याला त्यानं रामबाण ठरवलं नाही. ब्रिटनमध्ये त्याआधी वीस हजारांहून जास्त लोकांना मोबाईलवरून वेळोवेळी 'आत्ता कसं वाटतंय' असं विचारलं होतं. तिथंही समुद्रकाठी असलेले लोक सर्वात खूश निघाले. आता, फिरायला गेलेला माणूस सुट्टीवर असतो, त्यामुळं खूश असणारच, ही शंका मलाही आली. त्या संशोधकांनाही आली होती. हवामान, सोबत कोण, वेळ कोणती, काय चाललंय हे सगळं हिशेबात धरूनही फरक राहिला.

पण कुठलंही पाणी चालतं असं नाही. रंकाळ्यात केंदाळ माजतं आणि सांडपाण्याचा वास सुटतो तेव्हा मी पाच मिनिटांत उठतो. आणि पंचगंगेचा घाट, जिथं लहानपणी तासन् तास बसायचो, तिथं पुरानंतर दीड-दोन वर्षं मला बसवत नव्हतं. इतरांना तिथं शांत वाटत होतं, माझ्या पोटात गोळा यायचा. त्या पाण्याची तुमची आठवण काय आहे, यावर बरंच अवलंबून असतं. बुडण्याची, पुराची, कुणाला गमावल्याची आठवण असेल तर 'पाण्याजवळ जा, बरं वाटेल' हा सल्ला सरळ बाजूला ठेवा.

तुमच्याकडं गावतळं, पाझर तलाव, कोल्हापुरी बंधारा असं काही असेलच. पावसाळ्यात बंधाऱ्यावर नको, शेवाळलेल्या पायऱ्यांवर तर कधीच नको. पाण्यात उतरायची गरज नाही, काठावरून बघणं पुरतं. ठरावीक जागा, ठरावीक वेळ धरली तर जास्त जमतं, हा माझा अनुभव. काहीच नसेल तर आमच्या हिनं केलं तसं करून बघा. पुरात चेपलेलं तांब्याचं घंगाळ तिनं गॅलरीत पाणी भरून ठेवलंय. बुलबुल अंघोळीला येतात. रंकाळ्याची सर त्याला नाही, पण सकाळचा चहा लांबतो.

गोळ्या मी आठ महिने घेतल्या आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच बंद केल्या. फिरून बरं वाटतंय म्हणून मनानं बंद केल्या नाहीत, तुम्हीही करू नका. झोप आठवडेच्या आठवडे येत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर तलावाकडं नाही, माणसाकडं जा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट.

मी अजून रंकाळ्यावर जातो. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र फोन खिशात राहत नाही. कट्ट्यावर बसल्या बसल्या दर दहा मिनिटांनी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो.