टोल्युईनचा ड्रम आणि ‘इथे कोणी विडी ओढत नाही’

टोल्युईन हा पटकन पेटणारा द्रावक (सॉल्व्हंट) कशासाठी वापरतात आणि शेडमध्ये कोणी विडी-सिगारेट ओढत नसेल तर दोनशे लिटरचा एक ड्रम ठेवायला हरकत काय, असे आपण विचारले आहे. उपयोग सर्वांना ठाऊक आहेत: थिनर, चिकटद्रव्ये, ग्राव्ह्युअर (कोरलेल्या सिलिंडरने होणाऱ्या) छपाईची शाई. दुसरा भाग मात्र मला झोंबला, कारण मी ज्या छपाई कारखान्याचे स्टोअर सांभाळत होतो, तेथील उत्पादन व्यवस्थापक नेमके हेच वाक्य ऐकवून अर्थिंगच्या क्लिपची मागणी बाजूला सारत असत.

हिवाळ्यातील एका कोरड्या सकाळी आमचा हेल्पर ड्रमच्या नळाखाली प्लास्टिकची बादली धरून टोल्युईन काढत होता. नळाच्या तोंडाशी चट् असा बारीक आवाज झाला आणि बादलीवर ज्वाळा उभी राहिली. पावडरच्या सिलिंडरने आग विझली, त्याच्या हातावरचे केस जळण्यावर निभावले. पण अहवालात कारण लिहिले गेले ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. हे धादांत खोटे होते. टोल्युईन विजेचे अत्यंत दुर्वाहक आहे, त्यामुळे ओतताना निर्माण झालेला स्थितिक भार (घर्षणाने तयार होणारी वीज) त्यात साचून राहतो आणि प्लास्टिकमधून त्याला जमिनीत जायला वाट मिळत नाही. त्याची वाफ पेटायला मिलिज्यूलच्या चौथ्या हिश्श्याइतकीही ऊर्जा पुरते; त्यासाठी काडी ओढावी लागत नाही.

टोल्युईनचा ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, अवघा ४ अंश सेल्सिअस आहे. पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ सहसा इतकी दाट असते की ती आत पेटत नाही. टोल्युईनच्या अर्ध्या रिकाम्या ड्रममध्ये मात्र आपल्याकडील नेहमीच्या तापमानाला वाफेचे प्रमाण नेमके पेटण्याजोगे असते. ज्यांना हे ठाऊक नाही, त्यांनी सॉल्व्हंटच्या खात्यावर हुकूम चालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. केवळ लोखंडी बादली घेऊन भागत नाही. जमिनीशी तारेने न जोडलेली धातूची बादली उलट अधिक जोरदार ठिणगी देते. ड्रम आणि बादली तारेने एकमेकांना जोडून अर्थिंगला जोडावीत आणि क्लिपचे दात रंगाच्या थरावर नव्हे, खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर बसवावेत. शिवाय कायद्यातील ‘अ’ वर्गाच्या पेट्रोलियमची (टोल्युईन त्यातच मोडते) विनापरवाना मर्यादा ३० लिटर आहे, तेव्हा ड्रम मागवण्यापूर्वी परवान्याचे पाहावे.