बटण वर सरकतं आणि परत खाली का येतं?

प्रश्न : सर, मी भिशीचा हिशोब ठेवायचं आयफोन अ‍ॅप बनवतोय, स्विफ्ट भाषा आणि स्टोरीबोर्ड (स्क्रीनची मांडणी माउसने ओढून करायची सोय) वापरून. रक्कम टाकायला कीबोर्ड उघडला की 'सेव्ह' बटण झाकलं जातं, म्हणून कोडमध्ये बटणाच्या फ्रेमचा (जागा आणि आकार सांगणाऱ्या चौकटीचा) वाय, म्हणजे वरून मोजलेलं अंतर, 260 ने कमी केला. बटण वर येतं, पण टाइप करताना एकूण रकमेचं लेबल बदललं की टुणकन परत खाली जातं. दोन दिवस अडकलोय.

उत्तर : तुमचा हिशोब चुकलेला नाही, फक्त तिथे फ्रेमचं काही चालत नाही. स्टोरीबोर्डमध्ये बटण खालच्या कडेला कन्स्ट्रेंटने, म्हणजे 'कडेपासून इतकं अंतर ठेव' अशा नियमाने, बांधलंय ना, मग त्याची जागा तो कन्स्ट्रेंटच ठरवणार, आणि लेबलचा मजकूर बदलला की ऑटो लेआउट, म्हणजे हे नियम पाळून मांडणी करणारी यंत्रणा, सगळी मांडणी नव्याने करतं आणि तुम्ही दिलेली फ्रेम पुसून टाकतं. आयओएस 6 मध्ये, म्हणजे 2012 साली ऑटो लेआउट आलं तेव्हापासून नवीन पोरं हमखास इथेच अडकतात, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

सरळ उपाय असा की त्या कन्स्ट्रेंटचंच आउटलेट (स्टोरीबोर्डमधल्या गोष्टीला कोडमधून धरायचा दुवा) कोडमध्ये ओढून घ्या, त्याचा कॉन्स्टंट, म्हणजे अंतराचा आकडा, बदला आणि मग अ‍ॅनिमेशनच्या ब्लॉकमध्ये मुख्य व्ह्यूवर (सगळं ज्याच्या आत बसतं त्यावर) लेआउट-इफ-नीडेड, म्हणजे 'मांडणी आत्ताच कर' असं सांगणारं फंक्शन, बोलवा, बटणावर नाही. आणि ते 260 आधी काढा, कीबोर्डची उंची प्रत्येक फोनवर वेगळी, ती कीबोर्ड उघडताना सिस्टिम कोडला जी सूचना (नोटिफिकेशन) पाठवते तिच्यातूनच घ्यायची. ती उंची स्क्रीनच्या अगदी तळापासून मोजलेली असते आणि तुमचा कन्स्ट्रेंट बहुतेक सेफ एरियाला (स्क्रीनच्या कडा सोडून उरलेल्या सुरक्षित भागाला) असेल, त्यामुळे सेफ एरियाच्या खाली सोडलेली पट्टी वजा करावी लागते. होम बटण नसलेल्या आयफोनवर फोन उभा असताना ती 34 पॉइंट असते, वजा नाही केली तर बटण आणि कीबोर्डमध्ये विचित्र फट दिसते.

पण तुमचं अ‍ॅप आयओएस 15 च्या पुढेच चालणार असेल तर एवढा खटाटोप कशाला, कीबोर्ड-लेआउट-गाइड (कीबोर्डची जागा दाखवणारी तयार अदृश्य चौकट) वापरा! बटणाची खालची कड त्या गाइडच्या वरच्या कडेला बांधली की कीबोर्डबरोबर बटण आपोआप वरखाली होतं, कीबोर्ड बंद असताना सेफ एरियाच्या तळाशी बसतं. फक्त स्टोरीबोर्डमधला जुना कन्स्ट्रेंट काढायला विसरू नका, नाहीतर दोघांची ओढाताण होऊन कन्सोलमध्ये लांबलचक वॉर्निंग येईल.

चुकीची रक्कम टाकल्यावर बटण जरा हलवून दाखवायचं असेल, तर तेवढ्यासाठी ट्रान्सफॉर्म (मूळ जागा न बदलता नुसतं दिसणं सरकवायची सोय) चालेल, ऑटो लेआउट त्याला हात लावत नाही.